खाली बसवलेली पिकअप

४ फेब्रुवारी

साडूबुवा,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

फोटो मिळाला. आधी वाटलं, तुमच्या पिकअपची चारही चाकं चोरीला गेलीत आणि तुम्ही पुरावा म्हणून फोटो काढलाय. चष्मा पुसल्यावर चाकं दिसली. म्हणजे हे काम चोराचं नाही, तुमचंच. गाडी चिखलात बसलेल्या म्हशीसारखी पोट टेकून बसलीय, आणि तुम्ही शेजारी कमरेवर हात ठेवून हसताय. हसण्यासारखं काय आहे ते फोटोत आलेलं नाही.

माझं अख्खं आयुष्य बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेलं. स्प्रिंगचे पाटे तुटलेल्या बस पाहिल्या, ॲक्सल गळून पडलेल्या पाहिल्या. पण धडधाकट गाडी मालकाने हौसेने लंगडी करून घेतलेली पहिल्यांदाच पाहतोय. तुम्ही बोर्ड रंगवता. तुम्हाला गाडी म्हणजेही एक बोर्डच वाटते. वर काय दिसतं तेवढं बघायचं, मागे खिळा आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

वर आणखी विचारता, "गाडी खाली घेतल्यापासून खड्ड्यात दणके बसतात, वळणावर मागची बाजू सुटते, उपाय सांगा." उपाय सोपा आहे. होती तशी वर करा.

हे फोनवरही सांगितलं असतं. पण मागच्या वेळी आपण फोनवर बोललो तेव्हा शेजारच्यांनी येऊन दार वाजवलं. तेव्हापासून आमच्या घरात नियम झालाय की तुमच्याशी भांडायचं ते कागदावर. दोघी बहिणींतली मोठी माझ्या वाट्याला आली, धाकटी तुमच्या. मोठीला अक्कल आहे. धाकटीलाही असावी. तिने हा प्रकार होऊ कसा दिला, एवढंच कोडं आहे.

थोरला साडू


१३ फेब्रुवारी

फोरमनसाहेब,

निवृत्त झाल्यावर माणसाने साहेबपण सोडावं, पण तसं लिहिल्याशिवाय तुम्ही पाकीट फोडणार नाही.

तुमच्या हातून निघालेल्या बसने मी एकदा सासरी आलो होतो. बसलो तेव्हा होतो त्यापेक्षा उतरलो तेव्हा बुटका झालो होतो. सासूबाईंनी मला ओळखलं नाही. तेव्हा पाटे आणि स्प्रिंगांचं तुमचं ज्ञान मला पाठीच्या कण्यातून माहीत आहे, छाती फुगवू नका.

गाडी वर होणार नाही. का होणार नाही हे विचारू नका. मला अशीच आवडते. बोर्ड रंगवणाऱ्याची गाडी रस्त्यात उठून दिसली पाहिजे, झालं समाधान?

आता कामाचं. इथल्या गॅरेजवाल्याने पुढच्या स्प्रिंगा कटरने कापून आखूड केल्या. मागे पाट्यांचा थर होता, त्यातले पाटे काढून टाकले. शॉकअप जुनेच ठेवले. चाकांना मोठ्या रिंगा आणि पट्टीसारखे पातळ टायर घातले. म्हणाला, "साहेब, एक नंबर दिसते." दिसते, खरंच दिसते. पण रस्त्यात विडीचं थोटुक पडलेलं असलं तरी दणका बसतो. माझं जाऊ दे. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाला धक्का बसता कामा नये. मुख्य ते बघा.

आणि डोंगरातल्या वळणांवर गाडी रस्ता धरत नाही. परवा धुक्याने रस्ता ओला होता, मागची बाजू सुटली आणि आम्ही कठड्याला घासून थांबलो. दाराचा रंग गेला, बाकी काही नाही. रंग मी देईन, तो मला येतो. उरलेलं सांगायला तोंड उघडणार असाल तर उघडा.

धाकटा


२२ फेब्रुवारी

साडूबुवा,

"आम्ही" कठड्याला घासून थांबलो. आम्ही म्हणजे कोण?

ते नंतर. आधी तुमच्या अकलेचा पंचनामा. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, टणक होते. गाडी आधीच खाली बसलेली, दबायला जागा उरत नाही, म्हणून जरा कुठे खळगा आला की लोखंडावर लोखंड आपटतं. शॉकअप मूळच्या उंचीसाठी बनवलेले. आखूड गाडीत ते कायम दबलेले राहतात, जसे तुम्ही सासऱ्यांसमोर राहायचात. काम करायला त्यांना वावच नाही. मागचे पाटे काढल्यामुळे ॲक्सल सैल झालाय, वळणावर तो त्याच्या मर्जीने जातो. आणि ते टायर! असलं रबर कपाटाच्या चाकांना लावतात. ओल्या रस्त्यावर ते घसरले नसते तरच नवल. त्या गॅरेजवाल्याला माझ्या हाताखाली आणा, आठवडाभर नुसतं चाक खोलायला आणि लावायला लावतो.

आता ते "आम्ही".

आमच्या डेपोतला एक जुना ड्रायव्हर तुमच्या बाजूला शाळेची बस चालवतो. दारावरच्या अक्षरांवरून त्याने तुमची गाडी ओळखली. म्हणतो, डोंगरापलीकडच्या पोहण्याच्या तलावाबाहेर ती दर आठवड्याला उभी असते. शेजारच्या सीटवर एक बाई असते. तुम्ही धावत जाऊन तिच्यासाठी दार उघडता. आमच्या लग्नांना किती वर्षं झाली बघा. बायकोसाठी धावत जाऊन दार उघडणारा नवरा मी आजवर पाहिलेला नाही, आणि तुमच्यात तर तेवढा उत्साह कधीच नव्हता.

म्हणून शेजारच्या सीटला धक्का बसता कामा नये होय! म्हणून गाडीला ही कॉलेजातल्या पोरांची थेरं! धाकटी वर्षभर आमच्याकडे फिरकलेली नाही. फोनवर दोन वाक्यं बोलते आणि ठेवून देते. मोठीला वाटतं बहीण रुसली. मला आता कारण कळलं. केस पांढरे झाले, दाढा पडल्या, आणि हा माणूस तलावाकाठी बाया फिरवतो.

गाडी सुधारून देईन अशी आशा धरू नका. तुमच्या त्या बाईचं बूड दुखतंय तर दुखू दे.

थोरला


२६ फेब्रुवारी

ती बाई तुमची मेहुणी आहे.

तिच्या पायातल्या नसा निकामी होत चालल्यात. गेल्या वर्षी जिन्यावरून पडली तेव्हा कळलं. बरं होणारं दुखणं नाही, हळूहळू वाढणारं आहे. दोन काठ्यांवर घरात फिरते. ज्या तलावात ती इतकी वर्षं पोरांना पोहायला शिकवत होती, त्याच तलावात आता आठवड्यातून एकदा स्वतः उतरते. कोमट पाण्यात पाय अजून ऐकतात. बाहेर ऐकत नाहीत.

पिकअपची पायरी तिला चढता येईना. मी उचलून बसवायचो. एकदा तलावाच्या दारात तिच्या जुन्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी तिला उचललं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी आता जाणार नाही." त्याच आठवड्यात मी गाडी खाली घेतली. आता ती सीटला पाठ लावून उभी राहते, बसते, हाताने एकेक पाय आत घेते. कुणी हात लावायचा नाही. मी दार तेवढं धरतो. ते तुमच्या ड्रायव्हरला धावणं वाटलं.

दुसरी गाडी घेतली असती तर शिड्या आणि बोर्ड कशात नेले असते, तुमच्या डोक्यावर?

दणका बसला की तिच्या कमरेपासून कळ उठते. ती दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसते. बोटं पांढरी पडतात. सगळा रस्ता ती असाच काढते.

ताईंना सांगायचं नाही ही तिची अट होती. ताई येतील, रडतील आणि राहतील, असं ती म्हणते. तेव्हा सांगू नका. आणि मला दाढांवरून बोलण्याआधी स्वतःची कवळी कुठे ठेवलीय ते शोधा.


५ मार्च

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र वाचलं आणि हातपाय गळाले. पाय हा शब्द लिहिला त्याबद्दलही माफी असावी. मागे मी "लंगडी" असं काहीतरी लिहून गेलो, ते आठवून घास उतरत नाही.

मोठीला सांगावं लागलं. माझा चेहरा पाहूनच तिने ओळखलं. तेव्हापासून ती रडते आहे.

धाकटीला सांगा, काळजी करू नकोस. देव सगळं बघतो. तिने अजिबात श्रम करू नयेत, पडून राहावं. तलावाला एवढ्या लांब जाण्याची दगदग कशाला? पिकअपचा विचार सोडा. आम्ही दोघं मिळून तुम्हाला एक चांगली, आरामाची गाडी घेऊन देतो. तुमचं म्हणणं सगळं बरोबर होतं. तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. मी तुम्हाला ओळखलं नाही.

सदैव तुमचा


११ मार्च

भाऊजी,

हे पत्र मी लिहितेय. यांना लिहू दिलं नाही, कारण तुमचं पत्र वाचून हे नुसते खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. तुम्ही यांना मोठ्या मनाचे म्हणालात. वीस वर्षांत तुम्ही यांना रंगाऱ्या, ठोंब्या, आणि एकदा चारचौघांत बिनशेपटीचा प्राणी म्हणाला आहात. हे कधी खचले नाहीत. या पत्राने खचले.

आणि मला काय झालं ऐका. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागद दिले, नावं सांगितली. तरी मी आजारी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून वाटलं.

तुम्हाला कल्पना नाही, इथे माझ्याशी सगळे कसे बोलतात. किराणा दुकानदार मोठ्याने आणि सावकाश बोलतो, जणू माझे कान गेलेत. तलावावरची पोरगी मला "किती छान पोहता हो" म्हणते. तिला पाण्यात तोंड बुडवायला मीच शिकवलं. सगळ्यांचे आवाज मऊ झालेत, भातासारखे गिचगिचीत. या सगळ्यात एक तुमचीच पत्रं होती. हे मला ती मोठ्याने वाचून दाखवायचे. चिखलातली म्हैस ऐकून मी इतकी हसले की काठी हातातून सुटली. "त्या बाईचं बूड दुखतंय तर दुखू दे" वाचून तर यांना वाटलं मला राग येईल. भाऊजी, वर्षभरात माझ्या बुडाबद्दल इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

आणि आता तुम्हीही गिचगिचीत झालात! देव बघतो म्हणे. बघत असेल तर त्याने त्या गॅरेजवाल्याला बघितलं असतं.

"लंगडी" शब्द परत घेऊ नका. बरोबर आहे, आणि गाडीलाही लागू पडतो. पडून राहा म्हणता? पडून राहायला मी काय गोदामातलं पोतं आहे? मला तलावाला जायचंय. याच गाडीतून जायचंय, कारण तिच्यात मी स्वतः बसते. आरामाची गाडी तुमच्या आरामासाठी ठेवा.

तेव्हा अवजारं घ्या आणि या. सीटची उंची बोटभरही बदलायची नाही. धक्का कमी करा आणि वळणावर गाडी सरळ ठेवा. येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी दुसरा माणूस बघते.

ताईलाही आणा. रडणं तिकडेच आटपून ये म्हणावं. स्वयंपाकघरात स्टूल एकच आहे आणि ते माझं आहे.


१६ मार्च

मेहुणीबाई,

"येत नसेल तर." हे वाक्य तू मला लिहिलंस? ज्या माणसाने अख्ख्या डेपोच्या बस उभ्या केल्या त्याला? तुझ्या नवऱ्याच्या संगतीत तुझी जीभ बिघडली आहे. नसांच्या डॉक्टरला तीही दाखव.

मागचं पत्र मी भलत्याच तंद्रीत लिहिलं. फाडून टाक.

आता ऐका दोघंही, आणि तुझ्या त्या बोर्डवाल्याला सांग की मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही. कापलेल्या स्प्रिंगा भंगारात. त्याजागी खाली बसवलेल्या गाडीसाठीच बनवलेल्या पूर्ण स्प्रिंगा येतील. त्या आखूड असतात, पण आधी मऊ दबतात, मग हळूहळू ताठ होतात. त्यांच्या जोडीला तेवढ्याच मापाचे शॉकअप. मागचे काढलेले पाटे पुन्हा बसतील. मग गाडी मागून वर येईल, असं तो आत्ता ओरडेल. ओरडू दे. सध्या ॲक्सल पाट्यांच्या खाली आहे, तो मी पाट्यांच्या वर घेणार. पाटे सगळे, ताकद पूर्ण, आणि गाडी खालीच. चेसिसला ॲक्सलच्या वर खाच पाडून, बाजूने जाड पत्रा वेल्ड करून मजबुती देणार, म्हणजे ॲक्सल वर येईल तेव्हा आपटायला लोखंड नसेल. पुढे एक जाड आडवा बार लागेल, म्हणजे वळणावर गाडी कुशीवर पडल्यासारखी कलणार नाही.

त्या मोठ्या रिंगा त्याने बैठकीत टांगाव्यात. लहान रिंगा आणि जाड गालाचे टायर लावू. बाहेरून चाकाची उंची तेवढीच, पण आत हवा जास्त, म्हणून खळगा टायरच गिळतो. रबर मऊ, ओल्या रस्त्याला चिकटणारं. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट, ते मी कुणाला हात लावू देणार नाही.

सीटची उंची मी स्वतः मोजीन. चुकली तर मिशी काढीन.

मोठी म्हणते, लहानपणी तू भांडी घासायची वेळ आली की विहिरीत उडी मारायचीस. तेव्हा पाण्यात तुझे पाय चालतात यात मला नवल वाटत नाही. कामचुकार माणसाला पाणीच मानवतं.

येतो. चहा त्या बोर्डवाल्याच्या हातचा नको, त्याला रंगाचा वास येतो.

भाऊजी


२० एप्रिल

फोरमनसाहेब,

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे. ताई राहिल्यात. रडल्या नाहीत, पण माझे सगळे ब्रश धुऊन ठेवले. त्यातले निम्मे कोरडेच वापरायचे होते. धाकटी स्टूल सोडत नाही, ताई उभ्यानेच तिच्याशी भांडतात. दोघी खूश दिसतात.

तुमच्या कामाबद्दल लिहितो. वेल्डिंग ओबडधोबड आहे. माझ्या अंगणात तेलाचा डाग पडलाय तो जाणार नाही. चार दिवस तुम्ही गाडीखाली झोपून मला शिव्या देत होतात आणि मी पाने देत होतो. दरवेळी चुकीचा पाना दिला असं तुमचं म्हणणं. पाना बरोबर असायचा, तुमचा चष्मा कपाळावर असायचा. मिशी तेवढी वाचली, सीट होती तिथेच आहे.

मुख्य म्हणजे काम संपल्यावर आपण तलावाला निघालो त्या गुरुवारचं. तुम्ही गुपचूप परतीची एस.टी. धरून निघून गेलात, त्यावर एक शब्द बोलला नाहीत. म्हणून मीच लिहून ठेवतो.

चालवायला तुम्ही बसलात. धाकटी तिच्या सीटवर बसायच्या आधी मी मधल्या जागेत चढायला लागलो तर म्हणालात, "तुम्ही मागे. रिकाम्या हौद्याची पिकअप उड्या मारते. मागे वजन पाहिजे, आणि तुमचा दुसरा उपयोग नाही." मी हौद्यात शिड्यांच्या शेजारी बसलो. मागच्या काचेतून तुम्ही दोघं दिसत होतात. ती नेहमीसारखी दोन्ही हातांनी हँडल धरून बसली होती.

गावाबाहेरचा उखडलेला पट्टा आला. मी शिडी घट्ट धरली. गाडी नुसती खालीवर झाली, जसा माणूस श्वास घेतो. आपटली नाही. तिने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काहीतरी बोललात. शिवीच असणार, कारण ती हसली.

वळणं सुरू झाली. जिथे कठड्याला माझ्या दाराचा रंग लागलाय ते वळण तुम्ही माझ्यापेक्षा जोरात घेतलंत. गाडी रुळावरून जावी तशी गेली. मागे मला कळलंसुद्धा नाही की वळण संपलं. काचेतून पाहिलं तर हँडलला एकच हात. पुढच्या वळणाला तोही नाही.

मग तिची मान कलली. डोकं काचेला टेकलं आणि तसंच राहिलं. मी दोन्ही मुठींनी काच वाजवली. "थांबा! अहो, थांबा! तिला काहीतरी झालंय!"

तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. आरशात माझ्याकडे पाहिलंत आणि ओठांवर बोट ठेवलंत.

ती झोपली होती. तुम्हाला माहीत नाही, गेलं वर्षभर ती पलंगावरसुद्धा सलग झोपलेली नाही. मी काचेला नाक लावून बघत राहिलो. तोंड किंचित उघडं होतं. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

तलाव आला. फाटकावरच्या माणसाने हात केला. तुम्ही वेग कमी केलात, तिच्याकडे पाहिलंत, आणि थांबला नाहीत. तलावाला वळसा घातलात, पलीकडच्या खेड्याचा रस्ता धरलात, तिथून कालव्याच्या कडेने, परत डोंगरावर, परत खाली. मला मागे ऊन लागत होतं. शिडीचा कोपरा पाठीत टोचत होता. मी हूं की चूं केलं नाही. ज्या माणसाला घरातल्या घरात मीठ मागायलाही ओरडावं लागतं, तो माणूस हॉर्न न वाजवता म्हशींच्या मागे मागे गाडी हाकत होता.

पोहण्याची वेळ टळून गेल्यावर तिला जाग आली. तुम्ही खाली उतरून उगीच टायरला लाथा मारत होतात, म्हणून तिचं बोलणं तुम्ही ऐकलं नसेल. तिने डोळे चोळले, सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि बाजूची काच खाली करून मला विचारलं, "इतका वेळ आपण होतो कुठे?"

मी म्हणालो, "भाऊजी रस्ता चुकले."

ती म्हणाली, "या माणसाकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती." आणि पुन्हा सीटला डोकं टेकून म्हणाली, "त्यांना सांगा, घरी जातानाही चुका."

धाकटा साडू